मासा आडवा पडला तर आधी पाणी बघा

मासा तळाच्या कोपऱ्यात पंख मिटून बसला, दाणे टाकले तरी फिरकेना, किंवा वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला, की घरातल्या प्रत्येकाकडे सल्ला तयार असतो. आजी हळद टाक म्हणते, शेजारचे काका मीठ म्हणतात, दुकानदार फोनवरून निळं औषध सांगतो आणि कुणीतरी हौशीने टँक उपसून साबणाने घासायला बसतो. पहिल्या तासात यातलं काहीच करू नका. घरच्या टँकमधले बहुतेक मासे आधी पाण्यामुळे अशक्त होतात, रोग नंतर धरतो. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी एकच विचारायचं: गेल्या चार दिवसांत काय बदललं? आपल्याकडे, बुलढाण्यापासून गोंदियापर्यंतच्या गावांत, याचं उत्तर बहुधा ठरावीक गोष्टींतच सापडतं. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलं, लाइन (वीज) गेली, ऊन वाढलं, फवारणी झाली, नवा मासा आणून सोडला, नाहीतर कुणीतरी फिल्टर नळाखाली धुतला.

पहिल्या तासात काय करायचं

खाणं बंद करा. धडधाकट मोठा मासा तीन-चार दिवस उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही, आणि आजारी मासा तसाही खात नाही. न खाल्लेले दाणे तळाशी सडून पाणी आणखी बिघडवतात.

मग हवा वाढवा. एअर पंप पूर्ण सोडा, दुसरा असेल तर तोही लावा. हवेनं कुठल्याच आजारात नुकसान होत नाही.

आता दहा मिनिटं नुसतं बघा. एकच मासा मलूल आहे आणि बाकीचे मजेत आहेत, तर जखम, मारामारी किंवा त्या माशाचा आजार असं धरा. सगळे एकाच वेळी बेचैन असतील तर नव्वद टक्के गोष्ट पाण्याचीच. फायटर आणि गुरामी हे मासे वरची हवाही घेतात, त्यामुळे त्यांचं वर येणं नेहमीचंच. पण गोल्डफिश, मोली, गप्पी असे सगळे वरच्या थराला लटकले आणि फायटर तेवढा ठणठणीत दिसला, तर पाण्यातला प्राणवायू कमी पडलाय, हे जवळपास नक्की. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपा मारा. अंगावरचे बारीक ठिपके, सोनेरी भुकटी, उचललेले खवले तिरप्या उजेडात चटकन दिसतात, खोलीच्या दिव्यात दिसत नाहीत. कल्ल्याची झाकणं उघडताना आतला रंग बघा. लालभडक, सुजलेले कल्ले अमोनियाचा संशय दाखवतात, तपकिरी पडलेले नायट्राइटचा.

पाणी हाताला गरम लागतंय का, वास येतोय का, वर फेस साचून राहतोय का, तेही पाहून घ्या. मग पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. नळीने तळाचं पाणी ओढा, वरचं नको, कारण घाण खाली असते. पण नवं पाणी कुठलं, हा प्रश्न इथेच येतो, आणि गावात तो सगळ्यात मोठा आहे.

कुठलं पाणी घालायचं

नळयोजनेच्या विहिरीत ग्रामपंचायत टीसीएल टाकते. घराच्या नळाशी ०.२ पीपीएम (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन शिल्लक राहावं असा नियम असतो. माणसाला ते चालतं, माशाच्या कल्ल्यांना चालत नाही. पावसाळ्यात हगवण-कावीळची साथ आली की मात्रा वाढते, आणि ज्या सकाळी पावडर पडली त्या सकाळचं पाणी सगळ्यात कडक असतं. गावात जलसुरक्षक असतो, हे काम त्याच्याकडे असतं. ‘भाऊ, टीसीएल कधी टाकलं?’ एवढा फोन केला तरी निम्मा उलगडा होतो. त्याच्याकडे बऱ्याचदा पाणी तपासायचा संचही असतो. पीएच (पाण्याचा आंबट-खारेपणा; ७ म्हणजे मधला), जडपणा, क्लोराइड आणि नायट्रेट त्यावर कळतं. बाजारातून महागडा संच आणण्याआधी हे आकडे विचारून घ्या.

क्लोरीन घालवायला दोन वाटा आहेत. बादली उघडी ठेवून त्यात एअर स्टोन लावा आणि एक पूर्ण दिवस जाऊ द्या. घाई असेल तर अँटिक्लोरीन घाला. दुकानातल्या साध्या अँटिक्लोरीनमध्ये मुख्यतः सोडियम थायोसल्फेट असतं. जुने फोटोग्राफर त्याला हायपो म्हणायचे. एक मिलिग्रॅम क्लोरीन मारायला साधारण सात मिलिग्रॅम हायपो लागतं, म्हणजे वीस लिटरच्या बादलीला चार-पाच बारीक खडे भरपूर झाले. थोडं जास्त पडलं तरी मासा दगावत नाही.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं म्हणून ते थेट ओतणारे पुष्कळ आहेत. खोल बोअरच्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. तेही रात्रभर हवा लावूनच वापरा. हवा लागल्यावर पीएच वर सरकतो, म्हणून मोजायचा तो दुसऱ्या दिवशी.

ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि गंजाच्या (पातेल्याच्या) तळाला पांढरा थर धरतो, ते जड पाणी. विदर्भातल्या बहुतेक बोअरचं हेच रडगाणं. पण माशांसाठी ते वाईटच असं नाही. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड पाणी मानवतं. टेट्रा, डिस्कस अशा मऊ पाण्यातल्या माशांचा हट्ट मात्र सोडा. पाणी रोज दुरुस्त करत बसण्यापेक्षा गावच्या पाण्याला साजेसा मासा पाळावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात, भूजलच खारट आहे. तिथे औषध म्हणून मीठ घालण्याआधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजून घ्या. आरओवाल्याकडे मीटर असतो. तो १५०० दाखवत असेल तर लिटरमागे दीड ग्रॅम क्षार आधीच आहेत. असल्या पाण्यात मोली खुशाल राहते, बाकीच्यांसाठी आरओचं पाणी मिसळून घ्या. निव्वळ आरओचं पाणी मात्र भरू नका. त्यात क्षार जवळपास नसतात आणि पीएच डळमळतो. साध्या पाण्यात निम्मं मिसळून वापरा.

आणखी तीन गोष्टी. तांब्याच्या गुंडात साठवलेलं पाणी टँकमध्ये नको, तांबं माशांना विषारी आहे. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवलेली असते, तेही नको. आणि छतावरच्या प्लास्टिक टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी अंगावर घेववत नाही इतकं तापतं. बादली पहाटे भरा, सावलीत ठेवा. टँकचं आणि नव्या पाण्याचं तापमान एक-दोन अंशांच्या आतच वेगळं असावं.

फिल्टरमधले जिवाणू

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उष्टं खाणं आणि विष्ठा सडूनही अमोनियाच होतो. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलून निघून जातं. नव्या टँकमध्ये ही फौज तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टँक आणला, त्याच दिवशी दहा मासे सोडले आणि पंधरवड्यात सहा मेले, या नेहमीच्या रडकथेचं कारण एवढंच आहे. सुरुवात दोन-तीन काटक माशांनी करा. गप्पी तर फुकटही मिळतात. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभाग ते पाळतो आणि वाटतो, प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.

आता जड पाण्याची खरी अडचण. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, आणि त्यातलं एकच रूप फार जहरी आहे. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का जहरी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांच्या वर जातो. पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणून पीएच ८ च्या आसपासच्या आपल्या पाण्यात, मे महिन्यात, थोडासा अमोनियाही भारी पडतो. तपासणी संचावर अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली दिसायला हवं. अमोनिया किंवा नायट्राइट दिसला तर रोज तिसरा हिस्सा पाणी बदला, खाणं बंदच ठेवा. नायट्राइट असेल तर लिटरला एक ग्रॅम मीठ घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

फिल्टरचा स्पंज कधीही नळाच्या पाण्याने धुऊ नका, साबणाने तर मुळीच नाही. पाणी बदलताना टँकमधून काढलेल्या बादलीतच तो दोन-तीनदा पिळा, मळकट राहिला तरी चालेल. तो मळ म्हणजेच बऱ्याच अंशी ही फौज. टँक पूर्ण उपसून खडे उन्हात वाळवणं हा रविवारचा कार्यक्रम ज्या घरी चालतो, त्या घरी सोमवार-मंगळवारी मासे वर येतात. नियम साधा ठेवा: आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी, बास. काढलेलं पाणी, त्यात मीठ-औषध नसेल तर, परसबागेतल्या वांग्या-मिरच्यांना घाला.

ऊन आणि लाइन

२० अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच. पाणी तापतं तसा माशाला प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमका तेव्हाच तो कमी असतो. नवतपात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दोन फुटी टँकमध्ये आठ गोल्डफिश म्हणजे मरणाची तयारीच. आपल्याकडे सगळ्यात जास्त विकला जातो तो गोल्डफिश, आणि आपला उन्हाळा सगळ्यात कमी सोसतो तोही गोल्डफिशच. त्याला थंड पाणी लागतं.

टँक खिडकीपासून आणि पत्र्याच्या खोलीतून हलवा. वरचं काचेचं झाकण काढून जाळी बसवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडा. हवा कोरडी असते तोवर बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंश सहज उतरतं. पावसाळ्यात दमट हवेत हा उपाय लंगडा पडतो, पण तेव्हा गरजही कमी असते. उडालेल्या पाण्याची तूट आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने भरा. बोअरच्या पाण्याने भरत गेलात तर क्षार साचत जातात, कारण पाणी उडतं, क्षार मागे राहतात. बर्फाचे खडे थेट टाकू नका. फारच तापलं तर बंद बाटलीत बर्फ करून ती बाटली तरंगत ठेवा आणि तासाला एक-दोन अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नका.

लाइनचा भरवसा नसतो हे धरूनच चाला. यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप आणि मोबाइलची पॉवर बँक, एवढ्यात रात्र निघते. तेही नसेल तर मगाने पाणी उचलून वीतभर उंचीवरून परत ओता, दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा वेळ. बंद डब्याचा फिल्टर चार-सहा तास बंद राहिला तर आतले जिवाणू प्राणवायूवाचून मरून सडायला लागतात. लाइन आल्यावर तो सरळ चालू केला की ती सगळी घाण टँकमध्ये येते. आधी आतलं पाणी ओतून द्या, स्पंज टँकच्या पाण्यात पिळा, मग बटण दाबा.

फवारणी आणि धुरळणी

शहरातल्या कुठल्याच माहितीत हे सापडत नाही, म्हणून थोडं सविस्तर. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशी-सोयाबीन-तुरीवर फवारणी चालते. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अतिशय कमी मात्रेत मारतात, इतक्या कमी की बादलीला चिकटलेला अंशही पुरतो. फवारणीच्या औषधाची बादली, मग, ढवळायची काठी टँकजवळ फिरकू देऊ नका, कितीही धुतली असली तरी. माशांची बादली वेगळी, शक्यतो वेगळ्या रंगाची, आणि ती घरातच ठेवायची. फवारून आलेल्या माणसाने अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. हे त्याच्या स्वतःच्या जिवासाठीही गरजेचं आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने काय झालं ते आपण पाहिलं आहे. खिडकी शेताकडे उघडत असेल तर त्या दिवशी बंद ठेवा.

डेंग्यूच्या दिवसांत धुरळणीची गाडी येते. गल्लीत आवाज आला की टँकवर ओली चादर टाका आणि एअर पंप अर्धा तास बंद करा. पंप बाहेरची हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, धूरही तसाच जातो. मच्छर मारायची कॉइल आणि फवारा त्या खोलीत नकोच.

विषबाधेची खूण अशी की मासे एकदम उसळ्या मारतात, गोल-गोल फिरतात, काचेला धडकतात, अंगाला झटके येतात, आणि सगळ्यांना काही तासांतच होतं. तेव्हा निम्मं पाणी लगेच बदला, काही तासांनी परत बदला, फिल्टरमध्ये नवा सक्रिय कोळसा घाला, हवा पूर्ण सोडा. मीठ, निळं औषध काही घालू नका.

दवाखान्याचा टब

एकच मासा आजारी असेल तर त्याला वेगळा काढा. वीस लिटरचा नवा प्लास्टिक टब किंवा बादली, फिनाइल-साबण कधीच न लागलेली. त्यात निम्मं पाणी टँकमधलं, निम्मं तयार केलेलं नवं. स्पंज फिल्टर असेल तर उत्तम, नसेल तर नुसता एअर स्टोन. लपायला कुंडीचा फुटका तुकडा ठेवा. वर जाळी बांधा, मासे उडी मारतात आणि मांजर वाटच बघत असते. खडे, माती काही नको. टबात जिवाणूंची फौज नसते, त्यामुळे रोज तिसरा ते निम्मा हिस्सा पाणी बदलावं लागतं. हे काम टाळाल तर आजाराआधी अमोनियाच मासा मारेल. टब अंधाऱ्या शांत जागेत ठेवा. पोट्टे येता-जाता टबावर टिचक्या मारत असतील तर त्यांना आधी दूर करा.

औषधाची मात्रा लिटरवर ठरते, म्हणून टँकचं माप काढा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजाराने भागा. दोन फूट बाय एक बाय एकचा टँक ६० × ३० × ३०, म्हणजे ५४ लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता खरं पाणी ४५ लिटरच्या आसपास. अंदाजाने झाकणभर ओतणारे इथेच फसतात.

मीठ घालायचं तर खडे मीठ वापरा, किराणा दुकानात वजन करून आणा. सैंधव, काळं मीठ नको. सौम्य मात्रा लिटरला १ ग्रॅम, उपचाराची २ ते ३ ग्रॅम. म्हणजे ४५ लिटरला २ ग्रॅमच्या हिशेबाने ९० ग्रॅम. ते टँकच्या पाण्यात विरघळवून, तीन हप्त्यांत, दिवसभरात घाला. मीठ उडत नाही. पाणी बदलताना जेवढं पाणी काढलं तेवढ्याचंच मीठ परत घालायचं. कोरीसारख्या खवले नसलेल्या माशांना आणि पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही, म्हणूनही टब बरा.

कुठल्या खुणेला काय करायचं

अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आणि खड्यांना अंग घासणं म्हणजे पांढरे ठिपके, दुकानदार त्याला ‘इक’ म्हणतात. आपल्याकडे हा आजार डिसेंबर-जानेवारीत जोर धरतो, कारण दुपारी पाणी कोमट आणि पहाटे गारठलेलं. हा परजीवी आहे. ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला जीव. तो वाढला की गळून तळाशी जातो, फुटून शेकडो पिल्लं होतात, ती पोहत नवा मासा शोधतात. औषध फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला मारतं. तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून उपचार थांबवला तर आठवड्यात दुपटीने परत येतात. इथे एक मासा टबात काढून उपयोग नाही, तळाशी पिल्लं असतात, म्हणून पूर्ण टँकचाच उपचार करा. हीटर लावून पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत न्या. हीटर लिटरला एक वॉटच्या हिशेबाने घ्या. सोबत २-३ ग्रॅम मीठ, रोज तळ ओढून पाणी बदलणं, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही धरून एकूण दहा-बारा दिवस. थंड पाण्यात त्याचं चक्र लांबतं, तेव्हा उपचारही लांबवा. गोल्डफिश असतील तर इतकं तापवू नका. मॅलाकाइट ग्रीनचं औषध मिठाने भागलं नाही तरच वापरा, हातमोजे घालून, बाटलीवरच्या मात्रेत, फिल्टरमधला कोळसा काढून. ते खाण्याच्या माशांसाठी चालत नाही. म्हणून औषधाचं पाणी शेततळ्यात, जिथे रोहू-कटला सोडलेत, तिथे ओतू नका.

अंगावर सोनेरी-गंजकट भुकटी दिसली तर तो वेल्वेट. उपचार जवळपास तोच, वर टँक झाकून अंधार करायचा.

शेपटीच्या कडा पांढुरक्या होऊन झिजणं म्हणजे पंख कुजणं. आठवडाभर रोज पाव हिस्सा पाणी बदला आणि लिटरला १ ग्रॅम मीठ घाला. बहुतेक वेळा एवढ्यावर नवा पारदर्शक पंख फुटतो. कुज मुळापर्यंत गेली तरच औषध.

जखमेवर पांढरे मऊ तंतू दिसले तर बुरशी. मेथिलीन ब्लू टबातच द्या. टँकमध्ये टाकलंत तर फिल्टरचे जिवाणू मरतात आणि सिलिकॉनच्या शिवणी कायमच्या निळ्या होतात. पण असेच पांढरट डाग तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारख्या पट्ट्याने आले आणि दोन-तीन दिवसांत पसरले, तर तो कॉलमनारिस नावाचा जिवाणू आहे. उबदार पाण्यात तो फार जोरात पसरतो. इथे हीटर लावणं घातक. पाणी थोडं थंड ठेवा, हवा वाढवा आणि जाणत्या माणसाला विचारून जिवाणूचं औषध द्या.

गोल्डफिश उताणा तरंगत असेल, बाकी काही दिसत नसेल, तर दोन-तीन दिवस उपास. मग वाटाणा उकडून, साल काढून, बारीक तुकडा द्या. कोरडे दाणे पुढे भिजवूनच घाला. जाड दोऱ्यासारखा किडा अंगातून लोंबत असेल किंवा चपटी हलणारी उवेसारखी टिकली चिकटली असेल, तर मासा ओल्या फडक्यात धरून चिमट्याने किडा मुळाशी पकडून काढा, मग मिठाचं पाणी.

पोट फुगून सगळे खवले बाहेर उभे राहिले असतील तर मूत्रपिंड गेलेली असतात. चार-पाच दिवस टबात मीठ देऊन बघा, पण आशा थोडीच ठेवा.

गुरांच्या औषधाच्या कपाटातलं टेट्रासायक्लिन उघडून टँकमध्ये टाकायची पद्धत गावात आहे. ती सोडा. मात्रा चुकते, फिल्टरचे जिवाणू मरतात, आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा ते औषध लागू पडत नाही. हळदीनेही काही साधत नाही, पाणी तेवढं पिवळं होतं. नागपूरला महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. तिकडे जाणं होणार असेल तर चौकशी करून घ्या.

वाचणार नसेल तर

पोहता येत नाही, खात नाही, श्वास घेतानाही तडफडतो, तर त्याला तसाच ठेवू नका. जिवंत फ्रीजमध्ये टाकणं किंवा मोरीत सोडणं क्रूर आहे. लवंगतेल कोमट पाण्यात जोरात हलवून मिसळा आणि भांड्यातल्या पाण्यात थोडं-थोडं घाला. मासा आधी गुंगीत जातो. मग लिटरला ०.४ मिलीपर्यंत मात्रा न्या, कल्ले हलायचे थांबल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या, आणि झाडाखाली खोल पुरा.

आजारी असो की नकोसा झालेला, टँकमधला मासा नाल्यात, नदीत किंवा भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत सोडू नका. त्या तलावांवर ढिवर बांधवांचं पोट आहे. काच साफ करतो म्हणून घेतलेला सकरमाऊथ हातभर वाढला की लोक तो तलावात सोडतात, आणि तो देशी माशांची जागा बळकावतो.

टबातून परत

मासा खायला लागला, पंख पसरून पोहू लागला आणि त्यानंतर आठवडा नीट गेला की टबाच्या पाण्यातलं मीठ रोजच्या बदलातून हळूहळू कमी करा, मग टँकमध्ये सोडा. सोडताना टबातलं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका, मासा जाळीनेच उचला. नवा मासा आणाल तेव्हाही हाच टब कामाला येतो. नागपूर-अमरावतीहून एसटीत पिशवीत आलेला मासा घरी आल्यावर पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं टबात तरंगत ठेवा, मग पिशवीत टबातलं पाणी थोडं-थोडं घाला, मासा काढून घ्या आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. दोन ते तीन आठवडे तो टबातच राहू द्या. उन्हाळ्यात मासे आणायचेच असतील तर पहाटेच्या गाडीने आणा, पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवून. टब, जाळी, नळी काम झाल्यावर धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळवा. पूर्ण कोरडं झालं की पांढऱ्या ठिपक्यांचा जीव तिथे टिकत नाही, आणि ऊन तर आपल्याकडे फुकट आहे.